पडद्यावरचा सूड आणि गावातला साक्षीदार

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



मारधाडीचा चित्रपट हा अभ्यासवर्गाचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न काहींच्या मनात आल्यावाचून राहणार नाही. सहकारी साखर कारखानदारी, पाणीवाटप, रोजगार हमी, शिक्षणाचे बाजारीकरण हे अशा वर्गांचे नेहमीचे विषय. त्यांच्या पंक्तीला ठोशा-लाथांची सूडकथा बसवणे पुष्कळांना अप्रस्तुत वाटेल. परंतु ज्या माणसांमध्ये कार्यकर्त्याला काम करावयाचे असते, ती माणसे दिवसभराच्या कष्टानंतर काय पाहतात, कोणत्या क्षणी टाळी वाजवतात आणि कोणत्या क्षणी त्यांच्या तोंडून शिटी निघते, हे ज्याला ठाऊक नाही त्याला त्या माणसांचे अर्धे मन अपरिचितच राहिले, असे म्हटले पाहिजे. सभेला शंभर माणसे जमवताना कार्यकर्त्याची दमछाक होते. आणि तीच माणसे पदरचे पैसे मोडून सूडाचा चित्रपट पाहायला रांग लावतात. याचा विचार टाळून चालणार नाही.

या बाबतीत पुरोगामी मंडळींचे वर्तन आजवर दोन प्रकारचे राहिले आहे. पहिला प्रकार नाक मुरडण्याचा. असले चित्रपट गल्लाभरू असतात, अभिरुची बिघडवतात, तरुणांना हिंसेची चटक लावतात, एवढे म्हणून विषय संपवला जातो. दुसरा प्रकार याच्या उलट टोकाचा. जे जे लोकांना आवडते ते ते बंडखोरच असले पाहिजे, अशी समजूत करून घेऊन पडद्यावरच्या प्रत्येक ठोशात क्रांतीची नांदी ऐकली जाते. या दोन्ही भूमिका सोयीच्या आहेत, कारण दोहोंतही प्रत्यक्ष प्रेक्षकाशी बोलण्याची गरज उरत नाही. वस्तुतः चळवळीची परंपरा अशी नाही. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके यांच्यासारखे कलावंत पुढे आले. लोकांच्या करमणुकीला तुच्छ लेखणारी संघटना असे कलावंत घडवू शकली नसती.

प्रथम या चित्रपटप्रकाराचे कूळ पाहिले पाहिजे. १९७० साली हाँगकाँगमध्ये गोल्डन हार्वेस्ट ही नवी चित्रपटसंस्था निघाली. शॉ बंधूंच्या बलाढ्य स्टुडिओपुढे तिचे भांडवल तुटपुंजे होते. तिने ब्रूस ली या तरुण नटाला घेऊन १९७१ साली ‘द बिग बॉस’ हा चित्रपट थायलंडमधल्या एका लहान गावात, अल्प खर्चात तयार केला. त्याने हाँगकाँगमधले उत्पन्नाचे तोवरचे उच्चांक मोडले. त्याची कथा कार्यकर्त्याने मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे. पोटासाठी परमुलखात आलेला एक तरुण बर्फाच्या कारखान्यात मजुरी करतो. भांडण करणार नाही, असे त्याने आईला वचन दिलेले आहे. बर्फाच्या लाद्यांतून अमली पदार्थांची चोरटी वाहतूक चालते, आणि ज्या मजुरांना ते कळते ते एकामागून एक नाहीसे होतात. कामगार काम थांबवतात, मालकाचे गुंड त्यांच्यावर सोडले जातात, आणि अखेर नायकाचे वचन मोडते. त्याच्या हातांची ताकद पाहून मालक त्याला मुकादम करतो, खाऊपिऊ घालतो, आणि काही काळ तो आपल्या सोबत्यांपासून दुरावतो. शेवटी आप्तांची हत्या झाल्यावर तो सूड घेतो आणि पोलिसांच्या स्वाधीन होतो. संपाने सुरू झालेली गोष्ट एकट्या माणसाच्या अटकेने संपते. हा प्रवास ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

ब्रूस ली २० जुलै १९७३ रोजी निवर्तला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत आलेल्या ‘एंटर द ड्रॅगन’ने त्याचे नाव जगभर पोहोचवले. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांतील चित्रपटगृहांत हे चित्रपट विशेष गाजले, याचे आश्चर्य वाटायला नको. गोरा नसलेला, पैसा नसलेला, शस्त्र नसलेला माणूस केवळ अंगमेहनतीने कमावलेल्या शरीराच्या बळावर मातब्बरांना लोळवतो, हे दृश्य त्या प्रेक्षकांनी त्यापूर्वी क्वचितच पाहिले होते.

नेमक्या त्याच वर्षी हिंदीत ‘जंजीर’ आला, आणि त्यामागोमाग १९७५ साली ‘दीवार’ आणि ‘शोले’. महाराष्ट्र तेव्हा १९७२ च्या दुष्काळातून नुकता बाहेर पडत होता. नगर जिल्ह्यातले हजारो हात त्या दुष्काळात खडी फोडत होते, मातीचे बांध घालत होते. १९७४ साली रेल्वे कामगारांचा देशव्यापी संप मोडून काढण्यात आला. १९७५ च्या जूनमध्ये आणीबाणी आली. सामुदायिक लढ्याच्या वाटा बंद होत असताना पडद्यावर एकट्याच्या सूडाची वाट रुंद होत गेली. या दोन गोष्टींत सरळ कार्यकारणभाव जोडणे धाडसाचे ठरेल. परंतु त्यांचा काळ एक आहे आणि प्रेक्षकही एक आहे, हे नाकारता येत नाही. पुढे ‘सुरक्षा’ (१९७९), ‘कराटे’ (१९८३) यांसारख्या चित्रपटांतून मिथुन चक्रवर्तीने हाँगकाँगची ही विद्या तालुक्यातालुक्यातल्या पोरांपर्यंत नेली. जत्रांमधल्या तंबूंत, पत्र्याच्या चित्रपटगृहांत, आणि पुढे भाड्याच्या व्हिडिओंवर ती पोहोचली.

कमी खर्चाचा निर्माता मारामारीच का निवडतो, हा प्रश्न वरवर व्यापाराचा आहे. परदेशातली गाणी, भव्य महाल, नामवंत तारे यांना पैसा लागतो. घाम गाळून घडवलेल्या शरीराला तालीम लागते. ज्याच्याजवळ भांडवल नाही असा निर्माता नटाच्या शरीरालाच भांडवल करतो. आणि समोर बसलेला प्रेक्षक कोण असतो? त्याच्याजवळही शरीरावाचून दुसरे भांडवल नसते. पाथर्डी, जामखेडकडची कुटुंबे दरसाल दिवाळीच्या सुमारास कारखान्यांच्या वाटेला लागतात. तिथे नवरा-बायकोच्या जोडीला माणूस म्हणून मोजत नाहीत, ‘एक कोयता’ म्हणून मोजतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत त्या दोन देहांवर त्यांची स्वतःचीही मालकी उरत नाही. ज्याचे शरीर असे गहाण पडले आहे, तो पडद्यावर एक शरीर स्वतःच्या मर्जीने हलताना, उसळताना, मालकाच्या वाड्याचे दार लाथेने उघडताना पाहतो, तेव्हा त्याच्या तोंडून शिटी निघाली तर ती अभिरुचीच्या ऱ्हासाची खूण नव्हे. आपल्या देहावर आपला हक्क आहे, ही जाणीव त्या शिटीत आहे. त्या जाणिवेला तुच्छ लेखणाऱ्याने कष्टकऱ्यांच्या राजकारणाची गोष्ट बोलू नये.

आता नगर जिल्ह्याकडे येऊ. कराटेची परंपरा या मातीतली नाही; या मातीतला मर्दानी खेळ कुस्तीचा. त्यामुळे अल्प भांडवल, कमावलेले शरीर आणि सूड या तिन्ही गोष्टी जेव्हा या जिल्ह्यातल्या माणसाने पडद्यावर आणल्या, तेव्हा त्या आखाड्याच्या वाटेने आल्या. श्रीगोंदा तालुक्यातील गव्हाणेवाडीचे भाऊराव कऱ्हाडे यांनी ‘ख्वाडा’ हा चित्रपट काढला. त्यासाठी त्यांनी आपली शेतजमीन विकली. कर्ज काढून लग्ने होतात, जमीन विकून दवाखाने भरले जातात, हे ग्रामीण महाराष्ट्राच्या परिचयाचे. जमीन विकून गोष्ट सांगणारा माणूस विरळा. ‘ख्वाडा’ हा ‘खोडा’ या शब्दाचा गावाकडचा उच्चार. खोडा म्हणजे अडथळा, आडकाठी. पुणेरी पडद्याला जो उच्चार अशुद्ध वाटला असता तोच शीर्षकावर कोरून दिग्दर्शकाने पहिली कुस्ती तिथेच मारली.

कथा भटक्या मेंढपाळ कुटुंबाची आहे. म्हातारा रघू कऱ्हे वनखात्याकडे गेलेल्या जमिनीसाठी वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवतो आहे. शशांक शेंडे यांनी तो साकारला आहे. धाकटा मुलगा बाळू, म्हणजे भाऊसाहेब शिंदे, अंगाने पैलवान. त्याला लग्न करून एका जागी स्थिर व्हायचे आहे. मेंढरे घेऊन हे कुटुंब गावोगाव फिरते आणि एका गावच्या मुजोर सरपंचाशी, म्हणजे अनिल नगरकरांशी, त्यांची गाठ पडते. आखाड्यात दाखवलेले बळ बाळूला मानाऐवजी वैर मिळवून देते. छळ वाढत जातो, बाप सोसत राहतो, आणि अखेर मुलाची सहनशक्ती संपून त्याचा हात उठतो. मेंढरांचा कळप, पालातला संसार, बोलीतल्या शिव्या आणि माया यांच्या संथ चित्रणातून चाललेली गोष्ट शेवटी सूडाच्या चाकोरीत येऊन उभी राहते.

या चित्रपटाला ६२ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत कऱ्हाडे यांच्या दिग्दर्शनासाठी परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला, आणि जागेवरच्या ध्वनिमुद्रणासाठी महावीर सब्बनवाल यांना गौरवण्यात आले. दुसरा पुरस्कार पहिल्याहून कमी महत्त्वाचा मानू नये. मेंढरांच्या गळ्यातली घंटा, माळावरचा वारा आणि माणसांची बोली या देशाच्या राजधानीत जशीच्या तशी ऐकली गेली, असा त्याचा अर्थ आहे. २२ ऑक्टोबर २०१५ रोजी, दसऱ्याच्या दिवशी, चित्रपट महाराष्ट्रात प्रदर्शित झाला. समीक्षकांनी त्यातल्या वास्तव जीवनदर्शनाचे कौतुक केले. परंतु असा चित्रपट दोन ठिकाणी दोन प्रकारे पाहिला जातो. शहरी जाणकाराला त्यातला संथपणा, वास्तव तपशील, अनोळखी जीवन यांचे अप्रूप असते. शेवटचा हिंसेचा स्फोट त्याला बहुधा कलेच्या दृष्टीने खटकतो. गावाकडच्या प्रेक्षकाला ते जीवन अनोळखी नसते. तो पहिल्यापासून त्या शेवटाचीच वाट पाहत बसलेला असतो. एकाला पूर्वार्ध सत्य वाटतो, दुसऱ्याला उत्तरार्ध. दोघेही एकाच तिकिटावर दोन वेगळे चित्रपट पाहून घरी जातात.

गावाकडचा प्रेक्षक त्या शेवटाची वाट का पाहतो, याचे उत्तर चित्रपटातच आहे. म्हाताऱ्या रघूचा खटला संपत नाही. तारखेमागून तारीख पडते. ज्याच्या घरात बांधाचा, वाटणीचा, पोटगीचा किंवा संपादित जमिनीच्या मोबदल्याचा दावा दोन पिढ्या चालला आहे, त्याला पडद्यावरचा ठोसा म्हणजे एका क्षणात लागलेला निकाल वाटतो. त्याला वकील लागत नाही, कागद लागत नाही, साहेबाची सही लागत नाही. सूडपटाची लोकप्रियता हे न्यायसंस्थेच्या दिरंगाईवर लोकांनी दिलेले मत आहे, असे मानले तर ते वस्तुस्थितीला धरूनच होईल.

मेंढपाळाच्या बाबतीत तर ही दिरंगाई केवळ न्यायालयाची नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क शब्दांत मान्य केला. परंतु अनुसूचित जमातीत नसलेल्या दावेदाराला त्याच कायद्याने तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, पुरावा मागितला. ज्याचे बिऱ्हाड घोड्याच्या पाठीवर, त्याने तीन पिढ्यांचा कागद कोणत्या कपाटात ठेवावा? अहिल्याबाई होळकरांचा जन्म १७२५ साली जामखेड तालुक्यातील चौंडी येथे एका धनगर कुटुंबात झाला. २०२४ साली जिल्ह्याला त्यांचे नाव मिळाले. नाव बदलण्याचा समारंभ लवकर उरकला. त्यांच्या समाजातल्या मेंढपाळाला चराईची हक्काची जागा देण्याचे काम मात्र फायलीत राहिले. हा विरोधाभास बोचणारा आहे.

अशा चित्रपटाला प्रेक्षकापर्यंत पोहोचू तरी दिले जाते काय, हाही प्रश्न याला जोडूनच येतो. बहुपडदा चित्रपटगृहांनी मराठी चित्रपटांना मोक्याच्या वेळा द्याव्यात, असा निर्णय राज्य सरकारने २०१५ च्या एप्रिलमध्ये जाहीर केला, तेव्हा मोठा वादंग झाला. तरीही २०२३ साली याच कऱ्हाडे यांच्या ‘टीडीएम’ला पुरेसे खेळ मिळेनात, त्यांना जाहीरपणे गाऱ्हाणे मांडावे लागले, आणि चित्रपट मागे घेऊन पुन्हा प्रदर्शित करण्याची पाळी आली. चित्रपट काढण्यासाठी जमीन विकता येते; पडदा मात्र जमीन विकूनही मिळत नाही. उत्पादन कष्टकऱ्याने करावे आणि बाजार दुसऱ्याच्या ताब्यात असावा, ही कांद्याची आणि दुधाची गोष्ट चित्रपटालाही चुकलेली नाही.

येथवर सूडपटाच्या बाजूने बोलणे झाले. आता त्याच्यातले उणे सांगितले पाहिजे, आणि ते हिंसेचे उणे आहे, असे मानण्याची घाई करू नये. हिंसा दाखवल्याने हिंसा वाढते, हा आक्षेप नेहमीचा आहे. परंतु या जिल्ह्यातल्या अत्याचारांना चित्रपटांची शिकवणी लागली, असे कोणी म्हणू शकणार नाही. सूडपटाचे खरे उणे निराळे आहे. त्याच्या गावात नायक असतो, खलनायक असतो, रडणारी आई असते, आणि सभोवार एक गर्दी असते. ही गर्दी अन्याय पाहते आणि गप्प राहते. नायक मार खातो तेव्हा ती खाली मान घालते, नायक जिंकतो तेव्हा ती डोके वर काढते. तिला नाव नसते, संवाद नसतो, जबाबदारी नसते. आणि मौज अशी की, चित्रपटगृहात शिटी वाजवणारा प्रेक्षक स्वतःला नायक समजत असतो. प्रत्यक्षात, आपापल्या गावात, तो बहुधा त्या गर्दीतलाच एक असतो. सूडपट त्याला हे आठवू देत नाही. तीन तासांसाठी तो त्याला गर्दीतून उचलून नायकाच्या जागी बसवतो आणि तिकिटाच्या मोबदल्यात त्याच्या मौनाचा हिशेब माफ करतो.

सूडपटात हरवलेले हे पात्र म्हणजे साक्षीदार. पडद्यावर त्याची गरज नसते, कारण तिथे सगळे काही कॅमेऱ्याने पाहिलेले असते. गावात कॅमेरा नसतो. तिथे न्याय मिळतो तो कोणीतरी उभे राहून ‘हे माझ्यासमोर घडले’ असे म्हटल्यानेच.

नगर जिल्ह्याने हे अतिशय दारुण रीतीने अनुभवले आहे. १ जानेवारी २०१३ रोजी नेवासे तालुक्यातील सोनई परिसरात तीन दलित तरुणांची हत्या झाली. तो खटला जिल्ह्याबाहेर, नाशिकला चालवावा लागला. तेथील न्यायालयाने २०१८ साली सहा जणांना दोषी ठरवले. २८ एप्रिल २०१४ रोजी जामखेड तालुक्यातील खर्डा येथे एका दलित विद्यार्थ्याला भर दिवसा मारहाण करून ठार करण्यात आले. वरच्या जातीतल्या मुलीशी त्याचे संबंध असल्याचा संशय, एवढे त्याचे निमित्त. २०१६ च्या जुलैमध्ये कर्जत तालुक्यातील कोपर्डी येथे एका अल्पवयीन मुलीवर अत्याचार करून तिची हत्या करण्यात आली. यांपैकी कोपर्डीच्या आणि खर्ड्याच्या खटल्यांचे निकाल एकाच महिन्यात, २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये, नगरच्याच न्यायालयात लागले. कोपर्डीच्या तिन्ही आरोपींना फाशीची शिक्षा झाली. खर्ड्याचे आरोपी निर्दोष सुटले, कारण साक्षीदार एकामागून एक उलटले.

दोन्ही घरांतले दुःख सारखेच खोल आहे. त्यांची तुलना करणे हे माणुसकीला सोडून होईल. परंतु दोन निकालांमधले अंतर कशाने पडले, हे पाहणे कार्यकर्त्याचे कर्तव्य आहे. एका ठिकाणी साक्ष टिकली, समाज पाठीशी उभा राहिला. दुसऱ्या ठिकाणी साक्ष मोडली, आणि ती मोडताना तिला सावरायला कोणी नव्हते. उलटलेल्या साक्षीदाराला भेकड म्हणून मोकळे होणे सोपे आहे. त्याला ज्या गावात राहायचे, ज्याच्या विहिरीवरून पाणी आणायचे, ज्याच्या शेतात मजुरीला जायचे, ज्याच्या दुकानातून उधारीने किराणा आणायचा, त्या साऱ्यांच्या विरोधात त्याने एकट्याने उभे राहावे, अशी अपेक्षा ठेवणे म्हणजे त्याच्याकडून सूडपटातल्या नायकाचीच अपेक्षा ठेवणे होय.

मराठी चित्रपटाने या हरवलेल्या पात्राला कधी जागा दिलीच नाही, असे मात्र नाही. १९७५ च्या ‘सामना’मध्ये विजय तेंडुलकर आणि जब्बार पटेल यांनी साखरसम्राट हिंदुराव धोंडे-पाटील उभा केला. निळू फुले यांनी तो वठवला. त्याच्यासमोर ठोसे मारणारा पैलवान त्यांनी उभा केला नाही. त्यांनी एक दारुडा, मोडलेला, म्हातारा मास्तर उभा केला. श्रीराम लागूंचा हा मास्तर करतो काय? मारुती कांबळे या नाहीशा झालेल्या माणसाचे पुढे काय झाले, एवढेच तो विचारत राहतो. ज्याला पैसा, दारू, धाक यांपैकी कशानेही गप्प करता येत नाही, त्या एका प्रश्नाने हिंदुरावाचे साम्राज्य हादरते. एका बाजूला बाळूचा हात आणि दुसऱ्या बाजूला मास्तरचा प्रश्न, या दोन्ही प्रतिमा एकाच मातीतल्या आहेत. पहिलीला शिटी मिळते. दुसरीला शांतता मिळते, आणि ती शांतता घरापर्यंत माणसाची पाठ सोडत नाही.

नगरचेच सदाशिव अमरापूरकर ‘अर्धसत्य’ (१९८३) मध्ये रामा शेट्टी होऊन आले, तेव्हाही हाच पेच होता. तिथला पोलीस अधिकारी अखेर रामा शेट्टीचा गळा आवळतो आणि स्वतःहून पोलीस ठाण्यात जाऊन कबुली देतो. हाँगकाँगचा बर्फ-कामगार असो की मुंबईचा फौजदार, प्रामाणिक सूडकथा शेवटी तुरुंगाच्या दारात येऊन थांबते. रामा शेट्टीची जागा दुसरा रामा शेट्टी घेतो. ज्या व्यवस्थेने त्याला पोसले तिच्या केसालाही धक्का लागत नाही.

आखाडा याहून शहाणा आहे. कुस्तीत दोन पैलवान असतात, पण कुस्ती लागते ती तिसऱ्यामुळे, म्हणजे पंचामुळे. पाठ टेकली की नाही हे पैलवानाने स्वतः ठरवायचे नसते. २०२५ च्या आरंभी नगरच्या वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्या झाल्या. तिथे हार जाहीर झालेल्या एका मल्लाने पंचाला लाथ मारली. अंतिम कुस्तीतही पंचांच्या निर्णयावरून वाद होऊन एक मल्ल आखाडा सोडून गेला. दोघांवर तीन वर्षांची बंदी घातली गेली. निर्णय बरोबर होता की चूक, हा वाद जाणकारांचा. परंतु पंचावरचा विश्वास उडाला की आखाड्याचे रणांगण व्हायला क्षणही लागत नाही, एवढा धडा त्यातून साऱ्यांनाच मिळाला. समाजाच्या बाबतीत पंच म्हणजे न्यायालय, पोलीस ठाणे, तहसील कचेरी आणि ग्रामसभा. त्यांच्यावरचा विश्वास ज्या प्रमाणात आटतो, त्या प्रमाणात सूडपटाच्या शिट्या वाढतात.

मग कार्यकर्त्याने काय करावे? सूडपटांवर बंदीची मागणी करू नये. ती मागणी नेहमीच शेवटी ‘ख्वाडा’सारख्यांच्या आणि ‘सामना’सारख्यांच्या गळ्याशी येते. उलट हे चित्रपट गावात दाखवावेत. शाळेच्या पटांगणात, समाजमंदिरात, रीतसर परवानगी घेऊन खेळ लावावा आणि खेळानंतर दिवे लागल्यावर माणसांना थोडा वेळ थांबवावे. व्याख्यान देऊ नये. एकच प्रश्न विचारावा: बाळूला मारहाण झाली तेव्हा गावातली बाकीची माणसे कुठे होती? उत्तरे हळूहळू येतील, पहिल्या दिवशी कदाचित येणारही नाहीत. पण त्या प्रश्नाने गर्दीला तोंड फुटायला सुरुवात होईल.

दुसरे काम याहून कठीण आहे, आणि खरे काम तेच. साक्षीदाराच्या रक्षणाचे कायदे कागदावर आहेत. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने पीडितांच्या आणि साक्षीदारांच्या हक्कांचे स्वतंत्र प्रकरण आले. महाराष्ट्राने २०१७ साली साक्षीदार संरक्षणाचा कायदा केला. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या डिसेंबरमध्ये देशभरासाठी साक्षीदार संरक्षण योजना लागू केली. तालुक्यातल्या किती कार्यकर्त्यांनी ही कलमे वाचली आहेत? किती जणांनी एखाद्या साक्षीदाराला अर्ज लिहून दिला आहे, तारखेला त्याच्यासोबत एसटीने नगरला गेले आहेत, त्याची बुडालेली मजुरी भरून दिली आहे, त्याच्या घरी संध्याकाळी जाऊन बसले आहेत? खटला चालतो चार-पाच वर्षे. मोर्चा चालतो चार तास. साक्षीदार मोडतो तो मोर्चाच्या दिवशी नव्हे. तो मोडतो त्यानंतरच्या सामसूम वर्षांत, जेव्हा त्याच्या दाराशी फक्त समोरच्या पक्षाची माणसे येत असतात.

सूडपट पाहणाऱ्या माणसाची भूक खरी आहे. त्याला न्याय हवा आहे, तो डोळ्यांदेखत हवा आहे, आणि तो आपल्यासारख्या शरीराच्या माणसाच्या हातून झालेला हवा आहे. या भुकेची थट्टा करणाऱ्या पक्षाला लोक विसरतील, आणि केवळ शिट्या मोजणाऱ्या पक्षाला पडदा पडताच सोडून जातील. कष्टकऱ्यांच्या चळवळीने त्याला दुसरी खात्री दिली पाहिजे: ज्या दिवशी तो कोर्टात उभा राहून पाहिले ते सांगेल, त्या दिवशी, आणि त्यानंतर गावात परतेल त्या प्रत्येक दिवशी, त्याच्या शेजारी माणसे उभी असतील. खर्ड्याच्या साक्षीदारांना ती खात्री मिळाली नव्हती. जिल्ह्यातल्या पुढच्या साक्षीदाराला ती मिळते की नाही, हे या वर्गातून उठून आपापल्या गावी जाणाऱ्या कार्यकर्त्यांवर अवलंबून आहे.